तारखेवरून तिथी मिळते, पण तिथीवरून तारीख मिळते का? फंक्शन कसं ओळखायचं

अकरावीच्या मुलांना गणित शिकवताना एक गोष्ट मला दरवर्षी दिसते. फंक्शनची व्याख्या तोंडपाठ असते, म्हणायला सांगितली की घडाघडा म्हणतात, पण समोर एखादं रिलेशन, म्हणजे कोण कुणाशी जोडलंय ते सांगणारा नियम किंवा जोड्यांची यादी, ठेवून हे फंक्शन आहे का सांग म्हटलं की चेहऱ्याकडे बघायला लागतात, माझ्या चेहऱ्यावर उत्तर दिसतंय का ते शोधत. त्यात त्यांची चूक नाहीये. व्याख्या इतकी कोरडी सांगितली जाते की ती नेमकी कशासाठी आहे तेच कळत नाही. म्हणून हल्ली मी पुस्तक बाजूला ठेवते आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवते, ज्यात प्रत्येक तारखेच्या चौकोनात खाली बारीक अक्षरात तिथी छापलेली असते.

आता मी विचारते, १२ तारखेला कुठली तिथी? मूल बघून सांगतं. २५ तारखेला? सांगतं. कुठलीही तारीख विचारा, उत्तर मिळतंच, आणि एकच मिळतं. कारण पंचांगाचा नियम असा आहे की त्या दिवशी सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. एका क्षणाला एकच तिथी चालू असू शकते, त्यामुळे गोंधळाला जागाच नाही. (सणांचे नियम वेगळे असतात, काही सण सूर्योदयाची तिथी बघून ठरतात तर काही संध्याकाळची किंवा मध्यरात्रीची, ते इथे आणत नाहीये, फक्त सूर्योदयाची तिथी धरून चला.)

मग मी प्रश्न उलटा करते. या महिन्यातली शुद्ध सप्तमी किती तारखेला? बहुतेक तिथ्यांना बोट ठेवून तारीख सांगता येते. पण कॅलेंडर नीट चाळलं की दोन विचित्र प्रकार सापडतात. एखादी तिथी लागोपाठ दोन दिवस छापलेली असते, तिला वृद्धी तिथी म्हणतात. आणि एखादी तिथी सरळ गायबच असते, म्हणजे काल चतुर्थी होती आणि आज एकदम षष्ठी, मधली पंचमी कुठल्याच दिवसाच्या वाट्याला आली नाही, ती क्षय तिथी. हे का होतं तर चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, पण चंद्राचा वेग सारखा नसतो, त्यामुळे तिथी कधी २० तासांच्या आसपास आटपते तर कधी २६ तासांपेक्षाही जास्त लांबते. लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना गाठू शकते. आखूड तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपूनही जाऊ शकते.

झालं, फंक्शन समजायला जे लागतं ते सगळं इथे आहे. तारीख दिली की तिथी मिळते, हे फंक्शन. तिथी दिली की तारीख मिळते, हे फंक्शन नाही, आणि ते एका नाही तर दोन वेगवेगळ्या कारणांनी नाही. वृद्धी तिथीला दोन उत्तरं आहेत. क्षय तिथीला उत्तरच नाही.

म्हणजे कुठलंही रिलेशन तपासताना आधी ठरवायचं की विचारायचं कुणाला आणि उत्तर कुठून यायला हवं. ज्यांना विचारायचं त्यांचा संच म्हणजे डोमेन, उत्तरं जिथून यायची तो संच म्हणजे को-डोमेन. मग फक्त दोन प्रश्न. पहिला, डोमेनमधल्या प्रत्येकाला उत्तर मिळतंय का, कुणी उपाशी राहिलंय का? दुसरा, कुणाला दोन उत्तरं मिळतायत का? कुणीच उपाशी नाही आणि कुणालाच दोन ताटं नाहीत, तरच फंक्शन. मराठी पुस्तकात याला फलन म्हणतात, मी बोलताना फंक्शनच म्हणते.

बहुतेक मुलांना दुसरा प्रश्न आठवतो, पहिला विसरतात. आणि कित्येक जण तर एक तिसराच प्रश्न विचारून बसतात जो विचारायचाच नसतो, तो म्हणजे दोघांचं उत्तर सारखं आलंय का. वर्षात ३६५ तारखा आहेत आणि तिथ्यांची नावं ३०, म्हणजे एकच तिथी कित्येक तारखांना येणारच, त्यात बिघडलं काय? पिनकोडचं बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्याकडे सहा आकडी पिनकोड सुरू झाला, ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी, संस्कृतातले कवीसुद्धा. प्रत्येक पोस्ट ऑफिसला एक पिनकोड ठरलेला, पण एकाच पिनकोडखाली अनेक छोटी पोस्ट ऑफिसं असतात. पोस्ट ऑफिसवरून पिनकोड, हे फंक्शन आहे. अनेकांचं उत्तर एकच असणं चालतं, इतकंच काय सगळ्यांचंच उत्तर एक असलं तरी चालतं. वर्गातल्या सगळ्यांना ३५ मार्क पडले तरी विद्यार्थ्यावरून मार्क हे फंक्शनच राहतं. एका विद्यार्थ्याच्या नावापुढे एकाच पेपरचे ३५ पण आणि ५३ पण लिहिलेले असतील तर मात्र नाही, तेव्हा निकाल दुरुस्त करून आणावा लागतो.

आता नात्यांवर येऊ, कारण रिलेशन या शब्दाचा साधा अर्थ नातंच आहे. एका लग्नाच्या हॉलमधली सगळी माणसं घ्या. प्रत्येकाला विचारायचं, तुझा मामा कोण? कुणाला तीन मामा, कुणाला एकही नाही, दोन्ही प्रश्नांत नापास. तुझी जन्मदाती आई कोण? प्रत्येकाला एकच, म्हणून मुलं पटकन म्हणतात की हे फंक्शन. इथे मी थांबवते. उत्तर कुठून यायला हवंय? जर म्हटलं की उत्तर हॉलमधल्याच माणसांतून यायला हवं तर ज्याची आई लग्नाला आलेली नाही किंवा हयात नाही त्याच्यासाठी उत्तर म्हणून दाखवायला हॉलमध्ये कुणी नाहीच. तेव्हा हॉलमधून हॉलमध्ये हे फंक्शन नाही. हॉलमधल्या माणसांपासून जगात होऊन गेलेल्या सगळ्या माणसांपर्यंत असं धरलं तर आहे. नातं तेच, माणसं तीच, फक्त उत्तरांचा संच बदलला आणि निकाल फिरला.

पुस्तकात हेच आकड्यांत येतं आणि तिथे मुलं फसतात. नैसर्गिक संख्यांपासून नैसर्गिक संख्यांपर्यंत, प्रत्येक संख्येतून १ वजा करा. बघायला किती गरीब वाटतं. पण १ ला विचारा, उत्तर येतं ०, आणि आपल्या नैसर्गिक संख्या १ पासून सुरू होतात, म्हणजे ० त्या संचात नाही, १ उपाशी. फंक्शन नाही. तसंच १ भागिले एक्स. सगळ्या वास्तव संख्यांवर धरलं तर शून्याला उत्तर नाही म्हणून फंक्शन नाही, शून्य वगळून बाकीच्यांवर धरलं तर आहे. म्हणून "१ भागिले एक्स हे फंक्शन आहे का" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो, कुठून कुठे ते सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

क्रमित जोड्या दिल्या असतील तर काम सगळ्यात सोपं. जोडीतला पहिला म्हणजे ज्याला विचारलं तो, दुसरा म्हणजे उत्तर. (१,४), (२,४), (३,५) यात १, २, ३ प्रत्येकी एकदाच पहिल्या जागी आलेत, संच १, २, ३ असेल तर फंक्शन. (१,४), (१,५), (२,४) यात १ ला दोन उत्तरं, नाही. आता पहिल्याच यादीला जर प्रश्नात म्हटलेलं असेल की डोमेन १, २, ३, ४ आहे, तर ४ कुठल्याच जोडीत पहिला नाही, म्हणून नाही. डोमेन दिलंच नसेल तर काय करायचं असं मुलं विचारतात. तेव्हा सहसा जोड्यांमध्ये जे जे पहिल्या जागी आलेत तेच डोमेन धरतात, मग कुणी उपाशी राहायचा प्रश्न येत नाही, फक्त दुसरा प्रश्न उरतो. मला वाटतं पहिला प्रश्न विसरायची सवय इथूनच लागते, कारण सुरुवातीच्या उदाहरणांत तो विचारायची वेळच येत नाही.

फंक्शन असणं ही किती कडक अट आहे ते मोजून बघता येतं. समजा डावीकडे तीन जण आहेत आणि उजवीकडे दोन. एकूण जोड्या होतात ६, प्रत्येक जोडी घ्यायची किंवा नाही, म्हणजे रिलेशन्स झाली २ चा सहावा घात, ६४. फंक्शन मात्र किती, तर तिघांपैकी प्रत्येकाला दोनातलं एक उत्तर निवडायचं, २ गुणिले २ गुणिले २, फक्त ८. म्हणजे ६४ मधली ५६ रिलेशन्स कुणाला तरी उपाशी ठेवतात किंवा कुणाला तरी दोन ताटं वाढतात. मुलांना एकदा ही ६४ च्या ६४ काढायला लावा, कंटाळा करतात पण एकदा काढली की व्याख्या परत सांगावी लागत नाही.

आता ग्राफ. इथे उभ्या रेषेची टेस्ट सगळ्यांना पाठ असते, उभी रेष दोनदा कापली की फंक्शन नाही. पण ती उभीच का, आडवी का नाही, हे फार थोड्यांना सांगता येतं. उभ्या रेषेवरच्या सगळ्या बिंदूंचा एक्स सारखा असतो, बरोबर? म्हणजे उभी रेष ओढणं म्हणजे त्या एका एक्सला उभं करून विचारणं की बाबा तुझी उत्तरं कोणकोणती. ती रेष ग्राफला जितक्या ठिकाणी कापते तितकी त्याची उत्तरं. दोन ठिकाणी कापलं म्हणजे दोन उत्तरं. आणि एकाही ठिकाणी कापलं नाही तर? ते टेस्टमध्ये सहसा कुणी म्हणत नाही पण तोही निकालच आहे, तो एक्स डोमेनमध्ये असेल तर तो उपाशी राहिला. आडवी रेष दोनदा कापली तर काळजी नाही, ते फक्त दोघांचं उत्तर सारखं आलं एवढंच सांगते, पिनकोडसारखं.

वर्तुळ घ्या, एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर २५. एक्स ३ ठेवला तर वाय वर्ग १६, म्हणून वाय ४ किंवा वजा ४, दोन उत्तरं, संपलं. एक्स ५ ला एकच उत्तर आहे, शून्य, म्हणून काही मुलं म्हणतात की काही ठिकाणी तर फंक्शन आहे ना. पण एक जरी चुकला तरी सगळं रिलेशन नापास. आणि एक्स ७ ला तर काहीच नाही, तिथे वाय वर्ग वजा २४ येतो. वर्तुळाचा फक्त वरचा अर्धा भाग ठेवला आणि एक्स वजा ५ ते ५ एवढाच घेतला की दोन्ही दोष एकदम जातात.

ग्राफमध्ये आणखी एका गोष्टीकडे बारीक लक्ष द्यायचं, ते म्हणजे पोकळ टिंब आणि भरीव टिंब. पायऱ्यांसारखा ग्राफ असतो, एका पायरीचं टोक दुसऱ्या पायरीच्या बरोबर वर येतं. दोन्ही टिंबं भरीव असतील तर त्या एक्सला दोन उत्तरं. एक भरीव एक पोकळ तर एकच उत्तर, चालतं. दोन्ही पोकळ तर उत्तरच नाही. पुन्हा तेच दोन प्रश्न, फक्त टिंबांच्या भाषेत. तुकड्यातुकड्याने दिलेल्या नियमातही असंच. एक्स २ किंवा कमी असेल तर एक्स अधिक १, आणि २ किंवा जास्त असेल तर ५ वजा एक्स. २ दोन्हीकडे आलाय म्हणून लगेच नाही म्हणू नका, दोन्हीकडून काढून बघा, इकडून ३ आणि तिकडूनही ३. उत्तर एकच, फंक्शन आहे. ५ च्या जागी ६ लिहिलं असतं तर ३ आणि ४ आले असते आणि मग नाही.

समीकरण दिलं की मुलांचा एक आवडता शॉर्टकट असतो, वायचा घात सम असेल तर फंक्शन नाही आणि विषम असेल तर फंक्शन. वाय वर्ग बरोबर एक्स, सम, नाही, बरोबर. वायचा घन बरोबर एक्स, विषम, आहे, बरोबर. दोनदा जमलं की विश्वास बसतो. म्हणून मी मुद्दाम देते, वायचा घन वजा वाय बरोबर एक्स. घात विषमच आहे. एक्स शून्य ठेवा, वाय शून्य ठेवला तरी जमतं, १ ठेवला तरी जमतं, वजा १ ठेवला तरी जमतं, एका शून्याला तीन उत्तरं! त्यामुळे शॉर्टकटवर विसंबू नका, वाय वेगळा काढायला जा आणि काढताना कुठे "अधिक किंवा वजा" लिहावं लागतंय का, कुठे एकाहून जास्त वाट फुटतेय का ते बघा.

जाता जाता वर्गमुळाबद्दल, कारण यावरून वाद होतात. वाय बरोबर वर्गमूळ एक्स हे फंक्शन आहे, कारण वर्गमुळाच्या चिन्हाचा अर्थच न-ऋण मूळ असा ठरवलेला आहे, ९ चं म्हणजे ३. वाय वर्ग बरोबर एक्स मध्ये मात्र तसं काही ठरवलेलं नाही, तिथे ३ आणि वजा ३ दोघंही हजर.

आता मला सगळ्यात आवडणारी जागा, जी शाळेत जवळजवळ सांगतच नाहीत. कधी कधी दोन उत्तरं येतात कारण प्रश्नच दोन नावांनी आलेला असतो. नियम असा करू, अपूर्णांक घ्या आणि वरचा खालचा आकडा मिळवा. १/२ चं उत्तर ३. पण १/२ म्हणजेच २/४, आणि त्याचं उत्तर ६. संख्या एकच, उत्तरं दोन. म्हणून अपूर्णांकांवर हे फंक्शन नाही, जरी लिहिताना नियम अगदी स्वच्छ वाटतो. याच्या उलट बाजूने गावाचं नाव घ्या. वडगावचा पिनकोड काय? कुठलं वडगाव, मावळातलं की वडगाव शेरी की वडगाव बुद्रुक? इथे नाव एक आणि गावं अनेक. गावावरून पिनकोड विचारणं आणि गावाच्या नावावरून विचारणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, डोमेनमध्ये गावं आहेत की नावं आहेत यावर निकाल ठरतो. पैसे पाठवताना यूपीआय आयडी वापरतो तेही याचसाठी, माणसाचं नाव टाकून पैसे पाठवायची सोय ठेवली असती तर एका नावाची हजार माणसं, पैसे गेले कुठे हे कळलंच नसतं.

नियमाला फॉर्म्युला हवाच असंही नाही. ऑयलर या गणितज्ञाने १७४८ मध्ये फंक्शन म्हणजे चलपद आणि आकडे यांनी बनलेली राशी असंच म्हटलं होतं, बहुतेक मुलांच्या डोक्यात आजही तेच असतं. पुढे विचार बदलत गेला आणि डिरिख्ले या दुसऱ्या गणितज्ञाने १८३७ च्या सुमाराला जे मांडलं ते आजच्या कल्पनेच्या जवळ आहे, प्रत्येक एक्सला एक ठरलेला वाय असला की पुरे, मग तो एकाच सूत्राने मिळो वा न मिळो. त्याचंच १८२९ मधलं एक उदाहरण आहे, एक्स परिमेय (म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येणारा) असेल तर उत्तर एक ठरलेली संख्या, अपरिमेय असेल तर दुसरी, आपण हल्ली १ आणि ० घेतो. याचा ग्राफ काढता येत नाही, काढला तर एकावर एक दोन आडव्या रेषा दिसतील आणि डोळ्यांना वाटेल की प्रत्येक उभी रेष दोनदा कापतेय! पण कुठलीही संख्या एकाच वेळी परिमेय आणि अपरिमेय नसते, आणि दोन्हीपैकी काहीच नाही अशी वास्तव संख्याही नसते. दोन्ही प्रश्नांत पास, म्हणून फंक्शन. चित्राने फसवलं तरी प्रश्न फसवत नाहीत.

आता परत कॅलेंडरकडे, कारण तारखेवरून तिथी हे फंक्शन आहे असं मी सुरुवातीला म्हटलं तेव्हा एक गोष्ट गृहीत धरली होती, जागा. सूर्योदय रत्नागिरीला आणि नागपूरला एकाच वेळी होत नाही, तिथी नेमकी त्या मधल्या मिनिटांत बदलली तर एकाच तारखेला दोन गावांची तिथी वेगळी येईल, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना तर हा फरक नेहमीच दिसतो, म्हणून ते तिकडच्या वेळेचं पंचांग वापरतात. म्हणजे नुसती तारीख पुरत नाही, तारीख आणि गाव अशी जोडी द्यावी लागते. आणि ते गाव नॉर्वेतलं ट्रॉम्सो असेल तर? तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. सूर्योदयाची तिथी विचारली तर त्या तारखा उपाशी. एवढं भक्कम वाटणारं फंक्शन, पण डोमेन वाढवलं की मोडतं.

उलट दिशेची दुरुस्ती करता येते का, हा प्रश्न एका मुलीने मला विचारला होता आणि मला तो फार आवडला. २०२३ मध्ये, म्हणजे शके १९४५ ला, अधिक श्रावण आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि मग १७ ऑगस्टपासून निज श्रावण. त्या वर्षी नुसतं श्रावण शुद्ध पंचमी म्हटलं तर दोन महिन्यांतून उत्तरं येणार. अधिक की निज हे सांगितलं की तो घोळ मिटतो, नागपंचमी निज श्रावणातली, २१ ऑगस्टची. वृद्धी तिथीचंही तसंच, दोन दिवसांपैकी पहिला घ्यायचा की दुसरा असा नियम ठरवला की एकच तारीख उरते. दोन उत्तरांचा दोष असा जास्त माहिती देऊन किंवा नियम लावून काढता येतो. क्षय तिथीचं काय करणार, असं मी तिला विचारलं. तिने थोडा वेळ कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, तिला आदल्या दिवसाची तारीख देऊन टाकू नाहीतर यादीतूनच काढू. दोन्ही चालतं. पहिल्यात नियम बदलला, दुसऱ्यात डोमेन.